परिचारिका येते, पण राहत नाहीं

भोर शहरापासून पुणें पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर आहे, आणि वेल्हेंही त्याहून फारसें दूर नाहीं. हें अंतर याच्या तिप्पट असतें तर पुण्यास बिऱ्हाड ठेवून येथें नोकरी करणें कोणासही साधलें नसतें. ज्याची नेमणूक येथें झाली त्यास येथेंच राहावें लागलें असतें. तें याच्या चतुर्थांश असतें तर पुण्याच्या रुग्णालयांचा आसरा आम्हांस घटकाभरांत मिळाला असता. दुर्दैवानें तें मधलें आहे. ज्या परिचारिकेचें बिऱ्हाड कात्रज-धनकवडीस आहे तिला सकाळची एस. टी. इकडे आणते आणि सायंकाळची परत नेते; पुढें संधि मिळतांच तीच एस. टी. तिला कायमची घेऊन जाते. मग जागा रिकामी पडते, जाहिरात निघते, नवी परिचारिका येते, आणि हाच फेरा पुनः सुरू होतो. परिचारिकांच्या तुटवड्याविषयीं बोलतांना ‘माणसें मिळत नाहींत’ असें आपण सर्वजण म्हणतों. आमचें म्हणणें असें कीं, माणसें मिळतात; तीं टिकत नाहींत. तीं न टिकण्याचा दोष कांहीं अंशीं सरकारचा आहे, आणि कांहीं अंशीं तो आम्हां भोर-वेल्हेकरांचा आहे. यांतील दुसरा भाग कानांस गोड लागणार नाहीं. म्हणूनच तो लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम या मुलखाचें स्वरूप ध्यानांत घ्यावें. २०११ च्या जनगणनेंत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारें १ लाख ८६ हजार, व वेल्हें तालुक्याची सुमारें ५४ हजार भरली. वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें २०२४ मध्यें घेतला; गडाच्या नांवाचा अभिमान कोणास नाहीं? परंतु नांव बदलल्यानें चढ कमी होत नाहीं. हिरडस मावळ व गुंजण मावळ यांतील वाड्यावस्त्या डोंगराच्या कुशींत विखुरलेल्या आहेत. भाटघर व नीरा-देवघर इकडे, पानशेत व वरसगांव तिकडे, अशा धरणांच्या पाण्यानें जुन्या वाटा गिळल्या. जलाशयापलीकडचें गांव डोळ्यांस दिसतें, पण तेथें पोंचावयास गाडीस भला मोठा वळसा पडतो. रायरेश्वराच्या पठारावर आजही कुटुंबें नांदतात, आणि त्यांच्या वाटेवर लोखंडी शिडी आहे. वरंध घाट पावसाळ्यांत दरडींमुळें वारंवार बंद पडतो. भातलावणीचे जे दिवस, तेच सर्पदंशाचे, आणि तेच ओढे रस्त्यावर येण्याचे. कातकरी, महादेव कोळी व धनगर यांच्या वस्त्यांना तर ‘जवळचा दवाखाना’ या शब्दांचा अर्थ कित्येक तासांची पायपीट असा करावा लागतो. डोंगरी मुलखांत तीन हजार वस्तीमागें एक उपकेंद्र असावें, असा सरकारचा दंडक आहे. आणि त्या उपकेंद्राचा सारा प्राण म्हणजे एक आरोग्यसेविका.

अशा मुलखांत परिचारिकेचें काम म्हणजे डॉक्टरच्या हाताखालीं पट्ट्या बांधणें, अशी जी समजूत सुशिक्षितांतही आढळते ती समूळ चुकीची आहे. बाळंतपणांत मूल बाहेर आल्यापासून एका मिनिटाच्या आंत ऑक्सिटोसिनचें इंजेक्शन द्यावयाचें, वार पुरी पडली कीं नाहीं हें पाहावयाचें, आणि पुढचे दोन तास रक्तस्रावावर नजर ठेवावयाची. हें सर्व बहुधा परिचारिकाच करते. झटके आलेल्या गर्भवतीस मॅग्नेशियम सल्फेट दिल्यावर तिचा श्वास, लघवी व गुडघ्याची प्रतिक्रिया पुनःपुनः तपासावी लागते. तेंही काम तिचेंच. सर्पदंशावरील प्रतिविष कपाटांत ठेवतां येतें. परंतु तें शिरेंतून थेंब थेंब जात असतां रुग्णास उलट प्रतिक्रिया येते कीं काय, मण्यार चावलेल्याचा श्वास मंदावतो कीं काय, हें पाहत उशाशीं बसणारें माणूस कपाटांत ठेवतां येत नाहीं. वरंध घाट उतरला म्हणजे महाड लागतें. तेथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचूदंशावर प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग जगास दाखविला, व त्यामुळें कोंकणांत विंचवाच्या विषानें होणारे मृत्यु पुष्कळ कमी झाले. त्या यशाचेंही मर्म हेंच कीं, गोळी दिल्यावर रुग्णाची नाडी व रक्तदाब तासन् तास पाहणारें कोणी तरी हजर असावें लागतें. औषध सरकार पाठवील, यंत्र देणगीदार देईल. हजेरी मात्र तेथें राहणाऱ्यानेंच द्यावयाची असते.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, आणि त्यांस हिशेब लवकर पटतो. म्हणून एक साधा हिशेब मांडतों. रुग्णालयाच्या एका खोलींत आठही प्रहर एक परिचारिका हजर ठेवावयाची तर एकंदर किती लागतील? दिवसाच्या पाळ्या तीन, आठवड्याच्या एकवीस. एकीनें आठवड्यांत सहा पाळ्या केल्या तर साडेतीन परिचारिका झाल्या. रजा, आजार व सणवार धरतां चारांच्या खालीं भागत नाहीं. चारांऐवजीं तीन असल्या तर प्रत्येकीस सातही दिवस काम, सुटी म्हणून नाहींच. त्या तिघींतील एक बाळंतपणाच्या रजेवर गेली कीं उरलेल्या दोघींच्या वाट्यास आठवड्याच्या दहा-अकरा पाळ्या येतात. असें किती दिवस चालेल? दोघींपैकीं एक आजारी पडते, किंवा बदलीचा अर्ज करते, किंवा राजीनामा ठेवून मोकळी होते. म्हणजे एक जागा रिकामी राहिली तर ती एकच राहत नाहीं. सावकारी व्याजाप्रमाणें ती वाढत जाते. आणि हें व्याज भरतो कोण? अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील रुग्णालयें तपासून लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ मध्यें असें दाखविलें कीं, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतींत एका परिचारिकेकडे एक रुग्ण जास्त सोंपविला कीं तीस दिवसांच्या आंत मृत्यूचा संभव सुमारें ७ टक्क्यांनीं वाढतो, आणि परिचारिका थकून खचण्याचा संभव २३ टक्क्यांनीं वाढतो. या दोन आंकड्यांचा संबंध ज्याच्या ध्यानांत आला, त्यास परिचारिकेचा थकवा ही तिची खासगी बाब वाटणार नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, देशांतच परिचारिका कमी, मग भोरास कोठून येणार? हें अर्धेंच खरें आहे. स्वातंत्र्यापूर्वीं देशाच्या आरोग्याची पाहणी करणारी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे होते. आमच्या भोरशीं त्यांचा संबंध आडनांवापुरताच. पण ते नाशिकास जन्मले व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकले, म्हणून त्यांस परके म्हणवत नाहीं. त्यांच्या समितीनें १९४६ सालीं अहवाल दिला तेव्हां अखंड हिंदुस्थानांत परिचारिका अवघ्या सात हजार, म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागें एक, असें आढळलें. १९७१ पर्यंत त्यांची संख्या ७ लाख ४० हजार व्हावी असें समितीनें सुचविलें. आज नोंदणी झालेल्या परिचारिका तेहतीस लाखांहून अधिक असल्याचें सरकार सांगतें, आणि दर हजार लोकांमागें १.९६ हा आंकडा संसदेंत दिला गेला होता. हजारीं तीन हें जें माप नेहमीं पुढें ठेवलें जातें त्याहून तो कमी आहे खरा. पण १९४६ शीं ताडून पाहतां ही वाढ लहान नव्हे. मग सुकाळाच्या वाढीबरोबर डोंगरांतील दुष्काळ कां हटला नाहीं? याचें उत्तर कोणताही मुनीम देईल. नोंदणीचें पुस्तक म्हणजे जमेची बाजू. तींत एकदां नांव चढलें म्हणजे तें बहुधा तसेंच राहतें. जी परदेशीं गेली, जिनें लग्नानंतर काम सोडलें, जी वृद्ध झाली, तिची नोंद खर्चाच्या बाजूस पडतेच असें नाहीं. जमेवरून शिल्लक सांगणारा व्यापारी दिवाळें काढील. आरोग्याचा हिशेब मात्र आपण याच पद्धतीनें ठेवीत आलों.

आणि जगांत ओढ काय थोडी आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणें २०२३ सालीं जगांत सुमारें २ कोटि ९८ लाख परिचारिका होत्या, आणि तरी ५८ लाखांची तूट होती. श्रीमंत देशांत वृद्ध वाढत आहेत, त्यांची शुश्रूषा करणारे तरुण घटत आहेत. म्हणून आखाती देश, ब्रिटन व जर्मनी हे आमच्या मुलींस हांक मारीत आहेत. मे २०२० मध्यें साथीच्या ऐन भरांत महाराष्ट्र सरकारनें केरळाकडे ५० डॉक्टर व १०० परिचारिका मागितल्या, हें वाचकांस आठवत असेल. त्याच सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, आणि त्यांत परिचर्येचाही समावेश होता. जी मुलगी स्वतःच्या गुणांवर परदेशीं जाते तिला दोष देणारे आम्ही नव्हे. तिचें भाग्य तिनें उजळावें. परंतु चार वर्षांपूर्वीं दुसऱ्याच्या दारीं मागावयास गेलेल्या घरानें पुढें देकार करावा, तेव्हां आपल्या कोठारांत काय उरतें हें पाहूं नये काय?

येथवर सरकार व जग यांच्याकडे बोट दाखविलें. आतां तें आपल्याकडे वळवूं. परिचारिकेच्या व्यवसायाचा महाराष्ट्रांतील इतिहास हा लोकनिंदेशीं झगडण्याचा इतिहास आहे. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले यांनीं रुग्णांची सेवा करतां करतां प्राण वेंचला. १९०९ मध्यें पुण्यांत सेवासदन निघालें, आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें तेथील स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण मिळूं लागलें. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावावयाचा, कोणाही जातीच्या रुग्णाचें भांडें उचलावयाचें, रात्रीं घराबाहेर राहावयाचें, या तिन्ही गोष्टींबद्दल त्या स्त्रियांस त्या काळीं काय ऐकून घ्यावें लागलें असेल याची कल्पना करवत नाहीं. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. आतां निंदा उघड होत नाहीं. आपण परिचारिकेस ‘सिस्टर’ म्हणतों, साथीच्या दिवसांत तिच्यासाठीं टाळ्याही वाजविल्या. परंतु हीच सिस्टर भोरांत किंवा नसरापुरांत खोली पाहावयास निघाली म्हणजे तिला कोणते प्रश्न विचारले जातात, हें घरमालकांस आम्हीं सांगावयास नको. ‘एकटीच राहणार काय? रात्रीं किती वाजतां याल? घरीं भेटावयास कोण येईल? जात कोणती?’ पुण्याहून मालाचा ट्रक पहाटे तीनला आला तर त्याच्यासाठीं दार उघडण्यास आपली ना नसते. रात्रपाळी करून आलेल्या बाईसाठीं कडी काढणें मात्र आपल्या आबरूस बाधक वाटतें! विवाहाच्या बाजारांतही तेंच. मुलीची नोकरी सरकारी आहे हें ऐकून वरपक्ष संतुष्ट होतो, आणि ती नोकरी वेल्ह्यास रात्रपाळीची आहे हें ऐकून ‘बदली करून घेतां येईल ना?’ असें विचारतो. मग परिचारिका पुण्यास बिऱ्हाड ठेवते याचा विस्मय कशास? तिनें गांव सोडला, असें म्हणण्यापूर्वीं गांवानें तिला आंत घेतलें होतें काय, हें एकदां विचारावें.

याचा अर्थ सरकार निर्दोष आहे असा नाहीं. एकाच रुग्णालयांत, एकाच पाळीस, एकच काम करणाऱ्या तीन परिचारिका शेजारीं शेजारीं उभ्या असतात: एक कायम नोकरींतील, एक राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावरील, आणि एक एखाद्या खासगी ठेकेदारामार्फत आलेली. तिघींची जबाबदारी सारखी. वेतन, रजा व म्हातारपणची सोय मात्र तीन प्रकारची. कंत्राट ठराविक मुदतीचें. तें पुढें चालेल कीं नाहीं याची धाकधूक बारमास. अशा बाईनें वेल्ह्यास घर करावें, मुलांचें नांव तेथील शाळेंत घालावें, असें कोणत्या तोंडानें सांगावें? मे २०२२ मध्यें राज्यांतील परिचारिकांनीं ठेकेदारी भरतीविरुद्ध संप केला. २०२३ च्या अखेरीस अभियानाचे कंत्राटी कर्मचारी संपावर गेले. १४ मार्च २०२४ रोजीं सरकारनें दहा वर्षें सेवा झालेल्यांस नियमित पदांवर सामावून घेण्याचा निर्णय काढला. आणि त्या निर्णयाच्या अंमलबजावणीसाठीं ऑगस्ट २०२५ मध्यें त्यांस पुनः संप करावा लागला. मध्यंतरीं जुलै २०२५ मध्यें कायम परिचारिकाही वेतनांतील तफावत व कंत्राटी भरती यांविरुद्ध उठल्या. संपानें रुग्णांचे हाल होतात, आणि ते आम्हांस पाहवत नाहींत. परंतु दिलेला शब्द पाळवून घेण्यासाठींही ज्यांस संप करावा लागतो, त्यांच्या हातीं दुसरें कोणतें साधन आपण ठेवलें आहे? खासगी रुग्णालयांची स्थिति याहून बरी म्हणतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१६ मध्यें दिलेल्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीनें, पन्नासपर्यंत खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेचें वेतन महिना वीस हजारांखालीं असूं नये, अशी शिफारस केली. आमच्या शहरांतील खासगी दवाखान्यांच्या चालकांनीं आपापल्या पगारपत्रकाशीं हा आंकडा ताडून पाहावा. आम्ही कोणाचें नांव घेत नाहीं.

मात्र नुसती कायम नोकरी दिली म्हणजे काम भागलें, असेंही समजूं नये. कायम परिचारिका बदलीनें जाते, किंवा ‘प्रतिनियुक्ति’ या गोड नांवानें शहरांत बसते. हा प्रतिनियुक्तीचा प्रकार जेथें जेथें चालतो तेथें तो रिकाम्या जागेहूनही वाईट. रिकामी जागा निदान रिकामी दिसते. प्रतिनियुक्तीची जागा कागदावर भरलेली, वेतन त्या जागेवर निघालेलें, आणि खाटेजवळ मात्र कोणी नाहीं. सक्तीचे करार व दंड यांनींही फार साधत नाहीं. करारानें मुदतीपुरती हजेरी मिळते. मुदत संपण्याचा दिवस भिंतीवरच्या पंचांगांत पहिल्याच दिवशीं खुणावून ठेवलेला असतो.

मग कशानें साधतें? हा प्रश्न आमच्याच तालुक्यांपुढें आहे असें नव्हे, आणि त्याचीं उत्तरें कांहीं ठिकाणीं करून पाहिलेलीं आहेत. खेड्यापाड्यांत व दुर्गम भागांत आरोग्यसेवक टिकावेत कसे, याविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० मध्यें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें व २०२१ मध्यें तें सुधारलें. त्याचा मथितार्थ असा कीं, एकटा पैसा पुरत नाहीं. शिक्षण, नियम, मोबदला, आणि राहण्या-वागण्याची सोय या चारांचा मेळ बसला पाहिजे. आणि खेड्यांतून आलेला विद्यार्थी पुढें खेड्यांत काम करण्याचा संभव शहरी विद्यार्थ्याहून अधिक असतो. थायलंडानें आपल्या ग्रामीण भागांतील मुली निवडून, त्यांस जवळच्या प्रांतांत शिकवून, त्यांच्याच गांवांकडे नेमण्याची रीत पाडली. छत्तीसगड राज्यानें २००९ पासून रुग्णालयांची अडचणीच्या मानानें प्रतवारी करून, जितकी जागा कठीण तितका भत्ता अधिक, अशी योजना चालविली व तींत परिचारिकांसही घेतलें. या सर्वांत एक सूत्र आहे. परिचारिकेस जेथें नेमावयाचें तेथें तिचें कांहीं तरी स्वतःचें असलें पाहिजे: आईबाप, घर, मुलांची शाळा, किंवा पुढच्या बढतीची लेखी खात्री. यांपैकीं कांहींच नसतां नुसता हुकूम पाठवावा, आणि ती राहिली नाहीं म्हणून रडावें, हा व्यवहार नव्हे.

यावरून आमच्या दोन तालुक्यांपुरत्या कांहीं सूचना आम्ही करितों. सरकारनें करावयाच्या तीन आहेत. पहिली, कंत्राटी परिचारिकांविषयीं १४ मार्च २०२४ चा निर्णय येथें पुरतेपणीं अमलांत आणावा, आणि नित्याच्या कामासाठीं ठेकेदार आणूं नये. दुसरी, भोर-वेल्ह्यांतील डोंगरी केंद्रांवर ठराविक वर्षें सेवा करणारीस पुढील जागा स्वतः निवडण्याचा व वरच्या शिक्षणासाठीं अग्रक्रमाचा हक्क लेखी द्यावा; ‘पाहूं’ या शब्दावर कोणी तीन पावसाळे काढीत नाहीं. तिसरी, प्रत्येक रुग्णालयाच्या व आरोग्य केंद्राच्या दारावर दर महिन्यास एक फलक लागावा: मंजूर जागा किती, भरलेल्या किती, प्रतिनियुक्तीवर गेलेल्या किती. तिसऱ्या सूचनेस जवळजवळ खर्च नाहीं. म्हणूनच तिला विरोध सर्वांत अधिक होईल असा आमचा तर्क आहे.

लोकांनीं करावयाच्याही तीन आहेत, आणि त्यांसाठीं मुंबईच्या परवानगीची गरज नाहीं. पहिली घराची. भोरच्या रुग्णालयापासून चालत जातां येईल अशा अंतरावर, तशाच वेल्हें, नसरापूर व पानशेत येथें, परिचारिकांसाठीं कांहीं स्वच्छ खोल्या राखून ठेवाव्या. घरमालकास भाड्याची हमी व्यापारी मंडळानें द्यावी. व्यापारी एकमेकांच्या हुंड्यांस जामीन राहत आले आहेत, एका परिचारिकेच्या भाड्यास जामीन राहणें त्यांस जड नाहीं. दुसरी रात्रीची. रात्रपाळीस जाणाऱ्या-येणाऱ्या बाईस वाहनाची व सोबतीची सोय, आणि तिच्या लहान मुलास सांभाळणारी एक जागा, एवढें रुग्ण कल्याण समितीनें मनावर घेतलें तर होण्यासारखें आहे. रुग्णालयांत हाणामारी करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा राज्यांत २०१० पासून आहे. परंतु मध्यरात्रीं चवताळलेल्या जमावापुढें एकट्या परिचारिकेच्या उपयोगीं कायद्याचें कलम पडत नाहीं, दारांत उभा राहिलेला गांवचा एखादा वजनदार माणूस पडतो. तिसरी सूचना मुलींची. दर वर्षीं डोंगरांतील चार मुली ग्रामसभांनीं निवडाव्या. त्यांत कातकरी व महादेव कोळी वस्त्यांतील मुलींस पहिला मान असावा. त्यांच्या परिचर्येच्या शिक्षणाची फी, वसतिगृह व पुस्तकें यांचा भार दोन्ही तालुक्यांतील व्यापाऱ्यांनीं व पुण्या-मुंबईंत स्थायिक झालेल्या भोर-वेल्हेकरांनीं उचलावा. जी मुलगी कातकऱ्यांच्या बोलींत बाळंतिणीची विचारपूस करूं शकेल, तिचें मोल कोणत्याही पदवीनें भरून येणारें नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा कीं, हीं कामें सरकारचीं. आम्हीं कर भरतों तो कशास? आक्षेप खोटा नाहीं, आणि म्हणूनच सरकारच्या सूचना आम्हीं आधीं मांडल्या. परंतु घर नाकारणारा हात सरकारचा नाहीं, तो आपला आहे; तो मागें घेण्यास कोणत्याही अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागत नाहीं. शिवाय बाजारपेठेचा स्वार्थ पाहावा. रात्रीं बायको अडली म्हणून ज्यास गाडी ठरवून पुण्यास धांवावें लागतें, त्या शेतकऱ्याचे भाताचे पैसे पुण्याच्या अनामत रकमेंत जातात. ते भोरच्या कापडाच्या किंवा किराण्याच्या दुकानांत येत नाहींत. जेथें दवाखाना भरवशाचा, तेथें माणसें वस्ती करतात; जेथें वस्ती, तेथें गिऱ्हाईक. दुसरा आक्षेप असा कीं, गांवची मुलगी शिकली म्हणजे तीही पुण्यास, नाहीं तर जर्मनीस जाईल. कांहीं जातील, जावोत. चारांपैकीं दोन परतल्या तरी त्या दोघी डोंगराच्या आहेत, पावसांत वाट कोणती बंद होते हें त्यांस ठाऊक आहे, आणि त्यांच्या घराच्या दारावर कुलूप नाहीं. ज्या दोघी गेल्या, त्यांच्या कुटुंबांत एका पिढीचें दारिद्र्य फिटलें. तेंही बुडीत खातीं घालण्याजोगें नाहीं.

पुढच्या ज्येष्ठांत पुनः पाऊस येईल. वरंधाची दरड कोसळेल, भाताचीं खाचरें भरतील, आणि एखाद्या रात्रीं एखाद्या वस्तींतून बाळंतीण किंवा साप चावलेला गडी खालीं आणला जाईल. त्या रात्रीं रुग्णालयांत दिवा लागलेला असेल. सरकार वीज देतेंच. दिव्याखालीं कोणी बसलेलें असेल कीं नाहीं, हें त्या रात्रीं ठरत नसतें. तें या चार महिन्यांत, आपल्या गल्लींत खोली विचारावयास आलेल्या बाईस आपण काय उत्तर देतों यावर ठरतें. जाहिराती सरकार काढीतच राहील. आम्ही भोर, नसरापूर व वेल्हें येथील घरमालकांस व व्यापाऱ्यांस एवढीच विनंति करितों कीं, पुढची परिचारिका दारीं आली म्हणजे तिला विचारावयाच्या प्रश्नांची यादी त्यांनीं आजच एकदां वाचून पाहावी, आणि तींत ‘खोली केव्हांपासून हवी?’ याखेरीज दुसरें कांहीं ठेवूं नये.